कड्याचं वजन

अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या नावाहो या आदिवासी लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घडवलेलं चांदीचं कडं पहिल्यांदा हातात घेतलं, की चकित करतं ते त्याचं वजन. रंग आणि नक्षी फोटोतही कळतात, वजन कळत नाही. जाड, भरीव चांदी. हाताने कानसलेल्या, वापराने बोथट झालेल्या कडा. मागे मनगट आत जाईल एवढी उघडी फट. घालायचीही रीत आहे: फट मनगटाच्या अरुंद बाजूने सरकवायची आणि मग कडं फिरवून फिरोजाचा निळा खडा वर आणायचा. घालता-काढताना दर वेळी फाकवलं, तर चांदी कडक होत जाते आणि एक दिवस मधोमध चिरते. इतकी वर्षं टिकलेलं कडं म्हणजे ते रीतीने घालणारं कुणीतरी होतं, हे नक्की.

ॲरिझोनात राहायला आल्यापासून ही कडी मी बघत आले आहे. फिनिक्सच्या हर्ड संग्रहालयात काचेमागे, शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फेच्या दुकानांत, आणि वाणसामान घेताना रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या एखाद्या नावाहो आजींच्या हातावर. संग्रहालयात माहितीच्या पाटीवर अंदाजे साल असतं, तंत्र असतं, आणि कारागिराच्या नावाच्या जागी बहुतेक वेळा ‘अज्ञात’ लिहिलेलं असतं. दुकानात फिरोजा कुठल्या खाणीतला यावर चर्चा होते. या वस्तूंवर जे काही वाचायला मिळतं, त्यात कुणी घडवलं आणि केव्हा घडवलं याचा कसून शोध असतो. कुणी घातलं होतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. मला तोच प्रश्न मोठा वाटतो, कारण ही जुनी जड कडी नावाहोंनी नावाहोंसाठी घडवली होती. बाहेरचं गिऱ्हाईक तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

नावाहो स्वतःला दिने म्हणवतात. त्यांची भूमी चार पवित्र पर्वतांच्या मधली. पूर्वेचा पर्वत पांढऱ्या शिंपल्याचा, पश्चिमेचा अबलोनी शिंपल्याचा, उत्तरेचा काळ्या जेट खड्याचा, आणि दक्षिणेचा, नकाशावर ज्याला माउंट टेलर म्हणतात तो, फिरोजाचा. म्हणजे या लोकांच्या जगात फिरोजा आधीपासून होता, चांदी फार नंतर आली. न्यू मेक्सिकोतल्या सेरियोसच्या टेकड्यांत युरोपीय माणूस यायच्या कितीतरी आधीपासून फिरोजा खणला जात होता. चाको कॅन्यनच्या प्राचीन वस्तीतल्या एका दफनखोलीत फिरोजाचे हजारो मणी सापडले आहेत. ती वस्ती प्युब्लो या शेजारच्या आदिवासी लोकांच्या पूर्वजांची, पण या मुलुखात निळ्या दगडाचा मान किती जुना आहे ते त्यावरून कळतं.

चांदीच्या कामाची सुरुवात आत्सिदी सानी या माणसापासून सांगतात. तो आधी एका मेक्सिकन लोहाराकडून लोखंडाचं काम शिकला. घोड्याचे लगाम आणि तोंडातल्या कड्या बनवायच्या, असं ते काम. पुढे तो चांदीकडे वळला, त्याने मुलांना शिकवलं, त्यांनी आणखी कुणाला. पण या दोन टप्प्यांच्या मध्ये एक भयंकर गोष्ट घडली. ती वगळून कड्याबद्दल बोलणं मला पटत नाही.

१८६३ मध्ये अमेरिकन सैन्याने किट कार्सन या अधिकाऱ्याच्या हाताखाली नावाहोंवर मोहीम काढली. लढाया थोड्या झाल्या. शेतं जाळली, मेंढ्या मारल्या, कॅन्यन द शेच्या दरीतल्या पीचच्या बागा तोडल्या. उपासमारीने शरण आलेल्या माणसांना १८६४ पासून तुकड्या-तुकड्यांनी तीनशेहून जास्त मैल चालवत न्यू मेक्सिकोच्या पूर्वेला बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. म्हातारी माणसं आणि गरोदर बायका वाटेतच गेल्या. छावणीत ८,००० हून अधिक लोक कोंडलेले होते, पाणी खारट होतं, पिकं किडीने जात होती. शिधा मिळवायला आधी कागदी चिठ्ठ्या होत्या. त्यांच्या नकला झाल्या म्हणून सैन्याने धातूचे बिल्ले काढले. नावाहो लोहारांनी त्या बिल्ल्यांचेही हुबेहूब ठसे बनवले आणि जास्तीचा शिधा मिळवून माणसं जगवली. या कारागिरीचा इतिहास सांगताना ही गोष्ट गंमत म्हणून येते. मी ती वाचते तेव्हा मला त्यात बारीक कोरीव कामाचा सराव असलेला हात दिसतो, आणि त्या हातामागे भुकेलं मूल.

१ जून १८६८ ला करार झाला आणि ते आपल्या भूमीत परतले. अमेरिकेच्या इतिहासात असं परतणं फार थोड्या जमातींच्या वाट्याला आलं. करारात १५,००० मेंढ्या-शेळ्या देण्याचं कबूल केलेलं होतं. त्या वाढल्या. लोकर विकली जाऊ लागली, व्यापाऱ्यांची दुकानं उघडली, हातात चांदीचे डॉलर आले. त्या मोकळ्या मुलुखात बँक नव्हती. मेंढ्यांचे कळप घेऊन उन्हाळ्यात एकीकडे, हिवाळ्यात दुसरीकडे राहणाऱ्या माणसाने पैसा ठेवायचा कुठे? त्यांनी तो अंगावर ठेवला. डॉलर वितळवून कडं केलं, पट्ट्याच्या चकत्या केल्या, बटणं केली. अमेरिकी डॉलर नव्वद टक्के चांदीचा असे. नाण्यांची मोडतोड करण्यावरची बंदी १८९० च्या सुमारास कडक झाली, तेव्हा कारागीर मेक्सिकन पेसोंकडे वळले. त्यांतही चांदीचं प्रमाण जवळपास तेवढंच. कड्याचं वजन हे असं आलेलं आहे. घरात शिल्लक पडेल तेवढी चांदी मनगटावर चढवायची होती.

ते घडवायचे कसे, याचं फार चांगलं वर्णन वॉशिंग्टन मॅथ्यूज या सैन्यातल्या डॉक्टरने करून ठेवलं आहे. तो न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट विंगेट या लष्करी ठाण्यावर नेमणुकीला होता. त्याने नावाहो सोनारांना आपल्या जागेजवळ भट्टी लावायला सांगितलं, समोर बसून त्यांचं काम पाहिलं आणि १८८३ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. तो वाचताना मी हरखून गेले. दगड-मातीची बुटकी भट्टी. शेळीच्या कातड्याचा भाता, आतून लाकडी कड्या घालून फुगता ठेवलेला. ऐरण म्हणजे गाडीचा जाड बोल्ट किंवा लोखंडाचा मिळेल तो तुकडा, ओंडक्यात ठोकून बसवलेला. मुशी स्वतः मातीच्या बनवून भाजलेल्या. चांदी ओतायचा साचा मऊ वालुकाश्मात कोरलेला, त्याला चरबीचा हात दिलेला. सांधा जोडायला डाग द्यायचा तर चिंध्यांची जाड वात मेंढीच्या चरबीत भिजवून पेटवायची, फुंकणीने तिची ज्योत हव्या त्या सांध्यावर मारायची, सोबत सवागी, म्हणजे टाकणखार. चांदी काळवंडली की तिथल्याच जमिनीत सापडणारं तुरटीसारखं खनिज पाण्यात उकळून तिला उजाळा द्यायचा. शेवटी वाळू आणि राख लावून घासायचं. सोनार हे सगळं जमिनीवर उकिडवा बसून करतोय.

ठशांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मला त्यांचं फार वेड आहे. जुनी कानस किंवा पोलादाचा तुकडा घ्यायचा, त्याच्या टोकावर कोर, त्रिकोण, उगवत्या सूर्याची किरणं असं काही कोरायचं. मेक्सिकन कारागीर चामड्यावर नक्षी उठवायला असेच ठसे वापरत. ते पाहून नावाहोंनी चांदीवर ठसे मारायला सुरुवात केली. एकेका सोनाराचे ठसे त्याचे स्वतःचे. तो ते मुलाला देई, पुतण्याला देई. जुन्या कड्यावर खूण किंवा सही नसते, पण जवळून पाहिलं तर एक ठसा जरा तिरका पडलेला दिसतो, एक जरा खोल. कोर उठवणाऱ्या ठशाला बारीक टवका गेलेला असला तर तो टवका प्रत्येक कोरीत पुन्हा दिसतो. जाणकार मंडळी अशा टवक्यांवरून दोन दूरच्या वस्तू एकाच हातच्या असल्याचं ओळखतात.

सुरुवातीच्या कड्यांमध्ये फिरोजा नसतोच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नुसती चांदी, तिच्यावर कोरीव रेघा, ठसे, किंवा त्रिकोणी धारेची जाड तार. चांदीत फिरोजा पहिल्यांदा बसवणारा म्हणून आत्सिदी चोन याचं नाव घेतात, साधारण १८७८ च्या सुमाराचं. त्यानेच १८७२ मध्ये लानयादे नावाच्या झुनी माणसाला चांदीचं काम शिकवलं आणि ही कला शेजारच्या जमातीत गेली. फिरोजा सहज मिळत नसे. ॲरिझोनातल्या गनाडो गावचा व्यापारी लॉरेन्झो हबेल याने १८९० च्या सुमारास चक्क इराणचा फिरोजा मागवायला सुरुवात केली. निशापूरच्या खाणींतला हाच निळा खडा शतकानुशतकं हिंदुस्थानातही येत होता. तेव्हा एखाद्या जुन्या नावाहो कड्यातला खडा इराणचा निघाला तर ते कडं खोटं ठरत नाही. त्या काळाला धरूनच आहे ते.

खडा बसवायची तऱ्हा बघण्यासारखी असते. पातळ पट्टीचं कोंदण हाताने वळवलेलं, कधी त्याची वरची कड करवतीच्या दात्यांसारखी कापलेली. खड्याखाली पुष्कळदा लाकडाचा भुसा भरत, म्हणजे दगडाला धक्का बसत नाही आणि उंचीही सारखी राहते. याच भुशामुळे जुनं कडं पाण्यात बुडवू नये. भुसा फुगतो आणि खडा वर उचलला जातो. फिरोजा स्वतःही नाजूक. तांबं आणि ॲल्युमिनियमचं पाणी धरून असलेलं फॉस्फेट, त्यातल्या तांब्याने निळा, लोह आलं की हिरवट. सच्छिद्र असल्यामुळे तो अंगाचं तेल, घाम पीत राहतो आणि वर्षं जातील तसा हिरवा होत जातो. बाजारात काही लोक हिरवटलेल्या खड्याला नाक मुरडतात. मला तो हिरवा रंगच सगळ्यात जास्त आवडतो. तो कुणाच्या तरी अंगाचा रंग आहे.

आता गहाणाबद्दल. ते सांगितल्याशिवाय कडं कुणाच्या मनगटावर होतं, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

नावाहो हद्दीला लागून असलेल्या न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावी एका दुकानात बाईंनी कपाटातून एक कडं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मधोमध अंडाकृती हिरवा फिरोजा, आतली बाजू घासून घासून गुळगुळीत झालेली. हे जुन्या गहाणातलं, न सोडवलेलं, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं आणि किंमतही त्यामुळेच चढी होती. मी मात्र अडखळले. गहाण टाकलेली पाटली सुटली नाही, हे आमच्या आज्या-पणज्या कुणाला मोठ्याने सांगत नसत.

नावाहो मुलुखात व्यापाऱ्याचं दुकान म्हणजे किराणा, कापड, पोस्ट, सगळं एकत्र. लोकांकडे पैसा वर्षातून दोनदा येई. वसंतात लोकर कातरली की एकदा, शरदात कोकरं विकली की दुसऱ्यांदा. मधल्या महिन्यांत पीठ, कॉफी, साखर उधारीवर घ्यायची आणि तारण म्हणून दागिने ठेवायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत खुंट्यांवर कडी, माळा, पट्टे, खोगिरं लटकत, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. हे तारण ठेवण्यात लाज नव्हती. उलट दागिने जाड दगडी भिंतींच्या खोलीत सुरक्षित राहतात, असंही लोकांना वाटे. एखादा विधी असला की मालक येऊन आपलं कडं तेवढ्यापुरतं मागून नेई, घाली आणि परत आणून देई. शहाणा व्यापारी मुदत उलटली तरी वस्तू विकत नसे, कारण ते कुटुंब पुन्हा त्याच्या दारात आलं नसतं. मला या व्यवहाराचं सुंदर चित्र रंगवायचं नाही. हिशेबाची वही व्यापाऱ्याकडेच असे, भाव तोच ठरवी, आणि फसवणुकीच्या तक्रारी इतक्या साचल्या की १९७० च्या दशकात केंद्रीय व्यापार आयोगाने चौकशी केली, नियम आले आणि गहाणाचा धंदा नावाहो हद्दीबाहेर गॅलपसारख्या गावांत सरकला.

पण कडं कायमचं सुटलं नाही, असं केव्हा होई? दुष्काळात. माणूस वारला तर. आणि १९३० च्या दशकात, जेव्हा सरकारने धूप थांबवायची म्हणून नावाहोंच्या मेंढ्या कमी करायचं ठरवलं. जॉन कोलियर तेव्हा आदिवासी खात्याचे प्रमुख. कुरणं उजाड होताहेत, गाळ वाहून नव्या हूवर धरणात जाईल, अशी भीती होती. कळपच्या कळप नेले गेले, कित्येक ठिकाणी मेंढ्या तिथल्या तिथे मारल्या. आजही नावाहो घरांत त्या वर्षांची आठवण दुःखाने काढतात. ज्या लोकरीवर आणि कोकरांवर गहाण सोडवायचं, तीच गेली. मग खुंटीवरचं कडं खुंटीवरच राहणार.

म्हणून दुकानातलं ते कौतुक मला सहन होत नाही. संग्राहकाला जड कडं हवं असतं, कारण ते नावाहोंनी स्वतःसाठी केलं होतं. पण स्वतःसाठी केलेली वस्तू त्याच्यापर्यंत बहुतेकदा पोचली ती कुणाचं तरी वर्ष वाईट गेलं म्हणून. ‘न सोडवलेलं’ हा त्या घराच्या हिशेबातला तोटा होता आणि तोच आज वस्तूचा दर्जा म्हणून लिहिला जातो. किंमत कमी करा असं मी म्हणत नाही. चिठ्ठीवर तोटा म्हणून लिहा, एवढंच म्हणते.

विकण्यासाठी केलेली कडी दिसायला वेगळी असतात. १८८१ मध्ये रेल्वे गॅलपला पोचली आणि प्रवासी येऊ लागले. १८९९ पासून रेल्वेच्या खाणावळी आणि हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीने सोनारांना बेतलेली चांदी आणि खडे देऊन प्रवाशांसाठी दागिने करून घ्यायला सुरुवात केली. हलकी कडी, पातळ पत्रा, वर बाण, गरुडपक्षी, वीज. या चिन्हांचे अर्थ सांगणारी छापील पत्रकंही व्यापाऱ्यांनी वाटली. बाण म्हणजे रक्षण, अमुक म्हणजे सुख, असं त्यांत असे. ते अर्थ गिऱ्हाइकांसाठी रचलेले होते. मी या हलक्या कड्यांना तुच्छ मानत नाही, त्यांवर कित्येक घरं जगली.

या काळातल्या कड्यांवर एक चिन्ह दिसतं, ते पाहून मराठी माणूस थबकतोच. ते स्वस्तिकासारखं आहे. नावाहोंच्या कथेत पाण्यावर गरगरत जाणारा ओंडका आहे, त्याचं हे चिन्ह, आणि विधींतल्या वाळूच्या चित्रांत ते येतं. जर्मनीत नाझींनी त्याचं जे केलं ते कळल्यावर फेब्रुवारी १९४० मध्ये नावाहो, होपी, अपाची आणि तोहोनो ओओधाम या चार जमातींच्या प्रतिनिधींनी टूसानला एकत्र येऊन जाहीर केलं की आपल्या विणकामात, टोपल्यांत, दागिन्यांत ते यापुढे वापरणार नाही. त्यामुळे ते चिन्ह असलेलं कडं बहुधा १९४० च्या आधीचं, असं जाणकार धरतात. स्वतःचं पवित्र चिन्ह दुसऱ्याच्या पापापायी सोडून द्यावं लागणं किती जड गेलं असेल, हे दिवाळीत उंबऱ्यासमोर स्वस्तिक रेखताना मला दर वेळी जाणवतं.

जुनं कडं मी विकत घेतलेलं नाही, घेणारही नाही. हा माझा निर्णय, इतरांना नियम म्हणून सांगत नाही. घ्यायचं असेल तर नवं, आणि घडवणाऱ्याच्या हातून. सांता फेला गव्हर्नर्स पॅलेसच्या ओसरीत नावाहो, प्युब्लो आणि इतर जमातींचे कारागीर सकाळी कापड अंथरून बसतात. तिथे बसायला जमातीची नोंद लागते आणि वस्तूवर आपली खूण उमटवावी लागते, म्हणजे ‘अज्ञात’ लिहायची वेळ पुन्हा कुणावर येणार नाही. १९९० च्या कायद्याने आदिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा ठरवलं, तरी बाहेरदेशी घडवलेल्या नकली मालाचे मोठमोठे साठे त्यानंतरही पकडले गेले आहेत. रंगवलेला हाउलाइट नावाचा पांढरा दगड, प्लॅस्टिक मिसळलेला चुरा फिरोजा म्हणून खपतो, आणि मुद्दाम काळवंडवलेली चांदी जुनी म्हणून. खरा खडा हवा असेल तर कारागिराला खाण कोणती, खडा नैसर्गिक की राळ भरून घट्ट केलेला, हे सरळ विचारावं. ते सांगतात, आनंदाने सांगतात. ॲरिझोनातली आकाशी निळ्या फिरोजाची प्रसिद्ध स्लीपिंग ब्यूटी खाण २०१२ मध्ये बंद झाली, त्यामुळे तो खडा आता साठ्यातूनच मिळतो.

गॅलपला आजही गहाणाच्या दुकानांत मागच्या खोल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक वस्तू विक्रीला नसतात. चिठ्ठ्यांवर माणसांची नावं असतात. सप्टेंबरात विंडो रॉक या नावाहोंच्या राजधानीत नावाहो राष्ट्राची मोठी जत्रा भरते, हिवाळ्यात रात्र-रात्र चालणारे विधी असतात, घरात कुणाचं लग्न निघतं. त्याच्या आधी लोक रांगेत उभे राहतात, हिशेब चुकता करतात, कडं मनगटात सरकवून फिरोजा वर आणतात आणि गाडीत बसून घरी जातात. काही आठवड्यांनी त्यांतली काही कडी पुन्हा त्या खोलीत येतात, नवी चिठ्ठी बांधून, जुन्याच नावाने.